टीईटीच्या तयारीत मूल कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालापासून राज्यातील बहुतेक शाळांच्या स्टाफरूममध्ये शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, हिच्याखेरीज दुसरा विषय नाही. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची नेमणूक शिक्षण हक्क अधिनियम लागू होण्याआधी झाली आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण केली नाही तर त्यांना सेवेतून जावे लागेल, असे न्यायालयाने सांगितले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना परीक्षेविना सेवा पूर्ण करता येईल. मात्र पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी चुकणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठापुढे ठेवण्याची शिफारस झाली. त्यानंतर निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, फेरविचाराची मागणी झाली. आणि मोर्चातून घरी परतलेल्या गुरुजींनी त्याच संध्याकाळी मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही काढून तीत मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलाच्या विकासाच्या चार अवस्था उतरवून घ्यायला सुरुवातही केली.

जुन्या शिक्षकांना ही परीक्षा लावावी की नाही, यावर पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. ज्या प्रश्नाची चर्चा फारशी होताना दिसत नाही तो वेगळा आहे. तयारी म्हणून हे शिक्षक, आणि त्यांच्याबरोबर नोकरीच्या आशेवर थांबलेले लाखो डीएड-बीएडधारक, नेमके काय वाचत आहेत, आणि त्या वाचनाचा वर्गातल्या मुलाला काही उपयोग होणार आहे का? उत्तीर्ण होणारे नेहमी थोडे असतात. तयारी मात्र अर्ज भरणारे सगळेच करतात. त्यामुळे या परीक्षेचा शिक्षणावर जो काही बरावाईट परिणाम होतो, तो निकालापेक्षा तयारीतून अधिक होतो. ती तयारी आज पोकळ आहे, आणि या पोकळपणाला उमेदवार किंवा क्लासचालक यांच्यापेक्षा प्रश्नपत्रिका काढणारी व्यवस्था अधिक जबाबदार आहे, असे माझे म्हणणे आहे.

परीक्षा आली कुठून, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. अधिनियमाच्या कलम २३ ने शिक्षकांची किमान अर्हता ठरवण्याचे काम केंद्राने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणावर सोपवले. ते प्राधिकरण म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. तिने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटीची अट घातली आणि ११ फेब्रुवारी २०११ रोजी परीक्षा कशी घ्यावी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्राची स्वतःची टीईटी, म्हणजे सीटीईटी, २०११ मध्येच सुरू झाली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ रोजी शासन निर्णय काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य परीक्षा परिषदेने पहिली टीईटी घेतली.

ही मार्गदर्शक तत्त्वे आज कोणी उघडून पाहत नाही, पण ती वाचण्यासारखी आहेत. परीक्षेमागचा एक हेतू असा सांगितला आहे की, तिच्यामुळे अध्यापक विद्यालये आणि तेथील विद्यार्थी आपली पातळी उंचावण्यास प्रवृत्त होतील. म्हणजे तयारीचा दर्जा सुधारणे हा परीक्षेचा कागदावरचा उद्देशच होता. पुढे असेही म्हटले आहे की, बालविकासाचे प्रश्न सहा ते अकरा वयाच्या मुलांच्या शिकण्याशी निगडित असावेत, वेगवेगळ्या गरजा असलेल्या मुलांना समजून घेण्यावर त्यांचा भर असावा, आणि गणित व परिसर अभ्यास यांचे प्रश्न संकल्पना, उदाहरणे सोडवण्याची क्षमता व त्या विषयाच्या अध्यापनाची जाण तपासणारे असावेत. सीटीईटीच्या आराखड्यात तर भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या तीस-तीस गुणांपैकी पंधरा-पंधरा गुण सरळ अध्यापनशास्त्राला दिलेले आहेत. बालविकासाचे तीस त्यात मिळवले की पहिली ते पाचवीसाठीच्या पेपर १ च्या दीडशे गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण मूल कसे शिकते आणि त्याला कसे शिकवावे या बाबींसाठी राखलेले दिसतात. आराखडा म्हणून यात खोट काढण्यासारखे फारसे नाही.

खोट पुढे आहे. बाजारात मिळणारे कोणतेही टीईटी मार्गदर्शक उघडले की बालमानसशास्त्राच्या पहिल्या काही पानांतच एक तक्ता भेटतो: पियाजे – बोधात्मक विकास, कोहलबर्ग – नैतिक विकास, एरिक्सन – मनोसामाजिक विकास, थॉर्नडाइक – प्रयत्न व प्रमाद, कोहलर – मर्मदृष्टी (चिंपांझीचे नाव सुलतान), गार्डनर – बहुविध बुद्धिमत्ता, १९८३. डाव्या रकान्यात माणूस, उजव्या रकान्यात सिद्धान्त, आणि मध्ये एक छोटी रेघ. वर्षानुवर्षे ‘वनलायनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या रेघेच्या एका टोकाला एका माणसाने मुलांजवळ बसून घालवलेली दशके आहेत आणि दुसऱ्या टोकाला उत्तरपत्रिकेवर काळा करायचा एक गोळा. पियाजेने मुलापुढे दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ठेवले, एका पेल्यातले पाणी उंच अरुंद पेल्यात ओतले, आणि पाच वर्षांच्या मुलाने उंच पेल्यात पाणी जास्त आहे असे ठामपणे सांगितले. पहिलीच्या वर्गात दोन मण्यांच्या रांगांपैकी लांब पसरलेल्या रांगेत मणी जास्त आहेत असे म्हणणारे मूल अडाणी नसते, हे ज्या शिक्षकाला या प्रयोगातून उमगेल, त्याची गणिताची तासिका बदलेल. ‘मूर्त क्रियात्मक अवस्था – ७ ते ११ वर्षे’ एवढेच ज्याने पाठ केले, त्याच्या तासिकेत काहीही बदलणार नाही.

उमेदवाराला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्याचे वागणे पूर्णपणे शहाणपणाचे आहे. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीला गुणकपात नाही आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण. आरक्षित प्रवर्गांसाठी ५५ टक्के. यातला हिशेब साधा आहे. सत्तर प्रश्नांची उत्तरे नक्की येत असतील आणि उरलेल्या ऐंशींना नुसत्या अंदाजाने गोळे केले, तरी सरासरीच्या नियमाने त्यांतले वीस बरोबर येऊन ९० भरतात. मग ते सत्तर कुठून आणायचे, एवढाच प्रश्न उरतो. नावे, व्याख्या, सनावळी, व्याकरणातले नियम, समानार्थी शब्द आणि मागील प्रश्नपत्रिकांमधून फिरून फिरून येणारे प्रश्न यांतून ते सर्वांत स्वस्तात मिळतात. एका प्रश्नाला एक मिनिट, अशा गतीने चालणाऱ्या परीक्षेत मुलाच्या मनात शिरून पाहायला शिकणे हा महागडा मार्ग आहे, आणि प्रश्नपत्रिका त्या मार्गाने जाणाऱ्याला वेगळे काही देत नाही. ज्या दिवशी देईल, त्या दिवशी क्लासवालेही मुकाट्याने तेच शिकवू लागतील. त्यांचा धंदा प्रश्नपत्रिकेच्या मागून चालतो.

यावर हमखास उत्तर येते ते असे की, पर्यायी प्रश्नांतून याहून वेगळे काही तपासताच येत नाही. शिकवण्याची कला गोळ्यांत मावत नाही. या उत्तरातला पहिला अर्धा भाग मला मान्य नाही. एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतल्या मुलीने ५२ मधून २७ वजा केले आणि उत्तर लिहिले ३५. बहुतेक वह्यांत अशा उत्तरावर लाल फुली पडते आणि शेजारी २५ लिहिले जाते. पण हे ३५ आले कसे? एक शक्यता अशी की, एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून तिने उलट ७ मधून २ घालवले, ५ आले, आणि दशकाच्या घरात ५ मधून २ जाऊन ३ आले. दुसरी शक्यता अशी की, तिने हातचा घेतला, १२ मधून ७ घालवून ५ बरोबर आणले, पण दशक सुटा केल्यावर पाचाचे चार करायला ती विसरली, म्हणून तिथेही ३ आले. दोन पूर्णपणे वेगळे विचार, आणि उत्तर एकच. पहिल्या मुलीला स्थानिक किंमत आणि दशक सुटा करण्याची कल्पनाच पुन्हा, काड्यांचे गठ्ठे सोडून, दाखवावी लागेल. दुसरीला कल्पना कळली आहे, तिला फक्त नोंद ठेवायची सवय हवी. दोघींना सारखीच दहा उदाहरणे घरी करायला देणे म्हणजे एकीवर अन्याय आणि दुसरीला शिक्षा.

आता याचा टीईटीचा प्रश्न करता येतो. ‘या मुलीची चूक कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी पुढीलपैकी कोणते उदाहरण तिला द्याल?’ पर्याय असे: ६८ − २३, ६४ − १९, ४१ − १८, ८० − ३०. पहिल्या आणि चौथ्या उदाहरणात हातचा लागतच नाही, म्हणून दोन्ही प्रकारच्या मुली ती बरोबर सोडवतील आणि शिक्षकाला काहीच कळणार नाही. ६४ − १९ मध्ये हातचा लागतो, पण नऊ आणि चार यांतला फरक पाच असल्यामुळे दोन्ही चुकांतून ५५ हेच उत्तर निघते. इथे घाईत वाचणारा फसतो. ४१ − १८ मध्ये मात्र उलट वजाबाकी करणारी मुलगी ३७ लिहील आणि दशक कमी करायला विसरणारी ३३ लिहील. उत्तर एकच आहे, यंत्राने तपासता येते, त्यावर आक्षेप घ्यायला जागा नाही, आणि ते पाठ करून येत नाही. असे वीस प्रश्न एका प्रश्नपत्रिकेत आले, तर पुढच्या वर्षी राज्यभर उमेदवार तिसरी-चौथीच्या मुलांच्या वह्या मागून आणून चुका चाळत बसतील. तयारी म्हणून याहून चांगली गोष्ट मला सुचत नाही.

अशा प्रश्नांना आपल्याकडे विषयांचा तुटवडाही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ अशा वाचनाची ओळख करून दिली गेली आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळापासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वांनी मते दिली. चर्चा भाषेच्या अस्मितेभोवती फिरली आणि मूळ अडचण बाजूला राहिली. ‘सत्तावीस’ ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात पडतात आणि मग वीस, म्हणून ते ७२ लिहिते. ही अडचण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंना ठाऊक आहे. सुचवलेला उपाय योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात; पण टीईटीच्या उमेदवाराला या प्रकरणावर चार पर्यायांचा नेमका प्रश्न विचारणे आणि त्याला शून्याचा शोध कोणी लावला हे विचारणे, यांत शिक्षक निवडण्याच्या दृष्टीने केवढा फरक आहे! भाषेचेही तसेच. घरात अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल शाळेत आपल्या घरच्या वळणाने वाक्य बोलते तेव्हा शिक्षकाने काय करावे, हा रोजचा प्रश्न आहे. भाषेच्या भागात मात्र समास आणि अलंकार यांचा दबदबा कायम आहे.

मग असे प्रश्न का निघत नाहीत? प्रश्नकर्त्यांना काही कळत नाही, असे म्हणून मोकळे होण्यात अर्थ नाही. कारण व्यवस्थेत आहे. परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध होते, उमेदवार आक्षेप नोंदवतात, तज्ज्ञ त्यांचा विचार करतात, काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरे बदलतात आणि मग अंतिम उत्तरसूची येते. एका गुणावर नोकरी अवलंबून असते, म्हणून प्रकरणे न्यायालयापर्यंतही जातात. ही प्रक्रिया पारदर्शक आहे आणि ती असलीच पाहिजे. पण तिचा एक अनपेक्षित परिणाम असा की, प्रश्नकर्ता जिथे छापील पुरावा दाखवता येईल अशाच प्रश्नांकडे वळतो. ‘बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त कोणी मांडला?’ या प्रश्नावर कोणी आक्षेप घेणार नाही. ‘वर्गात एक मूल गप्प बसते, शिक्षकाने काय करावे?’ या प्रश्नाचे चारही पर्याय कुणाला ना कुणाला बरोबर वाटतील. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न घाईने काढला की तो खरोखरच वाईट निघतो: तीन पर्यायांत शिक्षक मारतो, दुर्लक्ष करतो किंवा पालकांना दटावतो, आणि चौथ्यात तो प्रेमाने समजावतो. असा प्रश्न सोडवायला बालविकास वाचावा लागत नाही. सभ्य असण्याचा आव आणता आला की पुरते. त्यामुळे आपल्या प्रश्नपत्रिका एकीकडे सनावळी आणि दुसरीकडे सुभाषिते यांच्यामध्ये हेलकावे खातात.

वजाबाकीसारखा प्रश्न दोन्हींतून वाचतो, पण तो एका बैठकीत निघत नाही. त्यासाठी खऱ्या मुलांच्या खऱ्या चुका गोळा कराव्या लागतात, फसवे पर्याय मोजून-मापून ठेवावे लागतात, आणि आधी थोड्या उमेदवारांवर त्याची पूर्वचाचणी घेऊन कोणता पर्याय कोण निवडतो हे पाहावे लागते. म्हणजे वर्षभर चालणारी प्रश्नपेढी लागते आणि तिच्यात प्राध्यापकांच्या जोडीला प्रत्यक्ष पहिली ते आठवीला शिकवणारे शिक्षक लागतात. परीक्षेची तारीख जाहीर झाल्यावर गुप्त खोलीत बसून काही दिवसांत काढलेल्या प्रश्नपत्रिकेकडून ही अपेक्षा करता येत नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र मान्य करायला हवा. शिकवण्याची कला गोळ्यांत मावत नाहीच. वर्गात उभे राहून तीस मुलांना सांभाळणे, फळ्याकडे पाठ असताना मागच्या बाकावर काय चालले आहे याचा अंदाज असणे, रडणाऱ्या मुलाशी बोलता येणे, हे कोणत्याही लेखी परीक्षेच्या पलीकडचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक नेमताना प्रत्यक्ष पाठ किंवा मुलाखत हा निवडीचा भाग करावा असे म्हटले आहे आणि टीईटीचे प्रश्न सुधारून ती शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांना लावावी असेही म्हटले आहे. यातला दुसरा भाग अमलात आणणे सोपे म्हणून तो आधी येईल आणि पहिला मागे पडेल, अशी मला रास्त भीती वाटते.

आता निकालाकडे. राज्याच्या टीईटीचा निकाल अनेकदा एक आकडी टक्केवारीत लागतो, आणि दर वेळी वर्तमानपत्रांत ‘गुरुजीच नापास’ अशा धाटणीचे मथळे येतात. हे मथळे वाचून समाधान मानणाऱ्यांची कमी नाही. पण केवळ टक्केवारीवरून काय सिद्ध होते? उमेदवार कमकुवत आहेत, की त्यांना घडवणारी अध्यापक विद्यालये कमकुवत होती, की प्रश्न सदोष होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. महाराष्ट्रात एके काळी डीएड कॉलेजांचे पीक आले होते. त्यांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याने २०१२ साली दिलेला अहवाल या संस्थांविषयी फारसे बरे बोलत नाही. अशा ठिकाणी दोन वर्षे काढून, पाठ-टाचणे विकत घेऊन पदविका मिळवलेल्या मुलाला परीक्षेत आडवे पाडायचे आणि त्याच्याकडून फी घेतलेल्या संस्थेला कोणी काही विचारायचे नाही, यात न्याय नाही. परीक्षेमुळे अध्यापक विद्यालये सुधारतील, हा २०११ चा हेतू होता. प्रत्यक्षात विद्यालये ओस पडली आणि त्यांची जागा क्लासेसनी घेतली.

शिवाय निकालावर विश्वास असायला हवा, तोही एकदा चांगलाच तुटला आहे. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, आणि पुढे २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक अपात्र उमेदवारांना पात्र ठरवल्याचे मान्य करून परिषदेला कारवाई करावी लागली. त्यात २०२१ च्या नोव्हेंबरमधील परीक्षेनंतर पुढची परीक्षा थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. वर्षातून किमान एकदा परीक्षा घ्यावी, ही मार्गदर्शक तत्त्वांतली सूचना तीन वर्षे कागदावर राहिली. जो अभ्यास वेळेवर परीक्षाच न झाल्यामुळे दोनदा-तीनदा विसरून पुन्हा करावा लागतो, तो पाठांतराचाच होत जातो. यात नवल नाही.

सेवेतील शिक्षकांच्या बाबतीत मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते. ज्याने आपल्या काळात लागू असलेली अर्हता पूर्ण करून रीतसर नोकरी मिळवली, वीस-बावीस वर्षे दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळल्या, त्याला मध्येच ‘आता पात्रता सिद्ध करा, नाहीतर घरी जा’ असे सांगणे कठोर आहे, आणि ते ऐकून त्याला अपमान वाटला तर तो समजण्यासारखा आहे. परंतु मुलाचा चांगल्या शिक्षणाचा हक्क शिक्षकाच्या नेमणुकीच्या तारखेवरून बदलू शकत नाही, हेही खरे. प्रश्न असा आहे की, ही अट पाळण्यासाठी शासनाने त्याला काय दिले? एका बाजूला मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज नवी माहिती मागणारी पोर्टले, आणि दुसऱ्या बाजूला रात्री नऊनंतर मोबाइलवर ऑनलाइन क्लास, अशा कात्रीत त्याची तयारी चालली आहे. दर महिन्याला परिसरातल्या शाळांच्या केंद्रावर होणारी शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, अनेक ठिकाणी परिपत्रकांच्या वाचनात संपते. तीच बैठक पुढची दोन वर्षे अध्यापनशास्त्राच्या अभ्यासाला दिली, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच चुकीच्या उत्तरांचे कागद आणले आणि त्यांच्यामागचा विचार एकत्र बसून शोधला, तर परीक्षेची तयारी आणि सेवांतर्गत प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी उरणार नाहीत. यासाठी नव्या निधीची गरज नाही. केंद्रप्रमुखाला तशी मोकळीक मिळण्याची आहे.

एक अन्याय मात्र रचनेतलाच आहे आणि त्याकडे संघटनांचेही पुरेसे लक्ष नाही. सहावी ते आठवीसाठीच्या पेपर २ मध्ये दीडशेपैकी साठ गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना आहेत आणि उमेदवाराने त्यांतला एक भाग निवडायचा आहे. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शिकवणाऱ्या भाषाशिक्षकासाठी तिसरा भाग नाही. आयुष्यभर सातवीला कविता आणि निबंध शिकवलेल्या बाईंना आपल्या विषयाची खोली दाखवायला इतरांइतकेच तीस-तीस गुण, आणि साठ गुणांसाठी दिल्लीची सुलतानशाही किंवा पृथ्वीची आवरणे. त्यांची पात्रता कोणत्या अर्थाने तपासली जात आहे? केंद्राच्या परीक्षेकडे वळावे, तर तिथे भाषेचा भाग सोडून बाकीचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत वाचावे लागतात. हा दोष दुरुस्त करायला न्यायालयात जाण्याची गरज नाही. आराखड्यात भाषाशिक्षकांसाठी साठ गुणांचा स्वतंत्र भाग वाढवायला हवा.

नव्या उमेदवारांची गोष्ट याहून लांब आहे. टीईटी उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी नव्हे. त्यानंतर दोनशे प्रश्न एकशेवीस मिनिटांत सोडवायची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरची पसंतीक्रमांची वाट, मग शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर. अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशा अंतराने झाली. या प्रतीक्षेत उमेदवाराची तयारी मुलांपासून सतत दूर जाते: शेवटी तो आकृत्यांचे क्रम आणि घड्याळाचे कोन सोडवत बसतो. या उमेदवारांना माझा सल्ला विचारला तर तो प्रश्नपत्रिका सुधारण्याची वाट न पाहता देता येईल असाच असेल. मार्गदर्शके विकत घेण्याआधी बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तके, शिक्षकांसाठीच्या सूचनांसह, सलग वाचावीत. आशयाचे प्रश्न त्याच अभ्यासक्रमावर आधारलेले असतात, आणि पुढे शिकवायचीही तीच आहेत. बालमानसशास्त्राचा प्रत्येक सिद्धान्त वाचल्यावर जवळपासच्या एखाद्या मुलावर तो पडताळून पाहावा. पेल्यांचा प्रयोग करायला पाच मिनिटे आणि घोटभर पाणी लागते. मागील प्रश्नपत्रिका शेवटच्या महिन्यात, वेळेचा अंदाज येण्यापुरत्या, सोडवाव्यात. हा मार्ग थोडा लांबचा आहे, पण अशा रीतीने वाचलेले पाठ करावे लागत नाही, आणि तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा आली तरी विसरलेले नसते.

राहता राहिली परीक्षा परिषद. तिच्याकडे प्रत्येक परीक्षेनंतर लाखो उत्तरपत्रिकांची माहिती यंत्रात साठलेली असते: कोणत्या प्रश्नाचे उत्तर किती जणांनी बरोबर दिले, चुकलेल्यांनी कोणता पर्याय निवडला, कोणत्या विभागात डीएडधारक अडखळले आणि कोणत्यात बीएडधारक. उमेदवारांची नावे बाजूला ठेवून ही प्रश्ननिहाय माहिती निकालाबरोबरच प्रसिद्ध करावी आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना व अध्यापक विद्यालयांना पाठवावी. राज्यातल्या निम्म्या उमेदवारांना अपूर्णांकांची तुलना जमत नसेल, तर ते पुढच्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गावर जाण्याआधी कुणाला तरी कळलेले असावे. आणि एखाद्या प्रश्नात हुशार उमेदवारच अधिक चुकले असतील, तर तो प्रश्न कोणी काढला होता, हे परिषदेने स्वतःला विचारावे.